घास भरवणारा हात

शास्त्रभाग : होशेय ११:१-४, १ शमुवेल १:२१-२८ व २:१८-१९
(कुटुंब उपासना, भगिनी मंडळ आणि तरुण संघ यांच्या अभ्यासासाठी)



देवाचे आपल्या लोकांवरील प्रेम सांगताना पवित्र शास्त्र अनेक चित्रे आपल्यापुढे ठेवते. मेंढपाळ, राजा, कुंभार, वर ही त्यांतली ओळखीची. होशेय संदेष्ट्याच्या अकराव्या अध्यायातले चित्र मात्र अगदी घरातले आहे. एक लहान मूल पहिली पावले टाकत आहे. बाप त्याचे हात धरून त्याला चालायला शिकवतो आणि दमले की उचलून घेतो. मूल आजारातून बरे होते, पण आपल्याला कोणी बरे केले हे त्याला कळतसुद्धा नाही. शेवटी बाप खाली वाकतो आणि त्याला भरवतो.

चालवणे, उचलून घेणे, बरे करणे, वाकून भरवणे. एक ते तीन वर्षांचे मूल ज्या घरात आहे त्या घराला ही चार कामे कोणी सांगावी लागत नाहीत. सकाळपासून रात्रीपर्यंत तीच चालू असतात. ती करायला घरात एक मोकळा हात मात्र लागतो. आपल्या जिल्ह्यातल्या कन्नड, सोयगाव, वैजापूर भागांतील भिल्ल, ठाकर आणि इतर आदिवासी वस्त्यांवर हा हात कोणाचा असतो, आणि वर्षातले किती महिने तो तिथे नसतो, याचा विचार या पाठात करू.

१. हे वय वेगळे का?

पहिले सहा महिने बाळाला आईचे दूध पुरते. पाणीसुद्धा लागत नाही. त्यानंतर दुधाबरोबर वरचे अन्न सुरू करायचे आणि आईचे दूध दोन वर्षांपर्यंत किंवा पुढेही चालू ठेवायचे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. नऊ महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत अंगावर पिणाऱ्या मुलाला दिवसातून तीन ते चार वेळा जेवण आणि मध्ये एक-दोनदा थोडे खाणे लागते.

इतक्या वेळा कशाला? कारण पोट लहान असते. मुलाच्या वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण ३० ग्रॅम अन्न एका वेळी पोटात मावते. म्हणजे ८ किलोच्या मुलाच्या पोटात फार तर दीड वाटी. मोठा माणूस सकाळी दोन भाकरी खाऊन दिवसभर काम करू शकतो. दीड वर्षाच्या मुलाला ते जमत नाही. त्याच्यासमोर पोतेभर धान्य ठेवले तरी सकाळी एकदा आणि रात्री एकदा जेवून ते वाढू शकत नाही.

आणि वाढायचे तर पुष्कळ असते. चांगले वाढणारे मूल दुसऱ्या वर्षात साधारण अडीच किलो वजन आणि १२ सेंटिमीटर उंची कमावते. याच काळात ते चालायला लागते, दिसेल ते तोंडात घालते, त्यामुळे जुलाब, खोकला, ताप मागे लागतात. खर्च वाढतो आणि जमा घटते, असे हे वय आहे. या काळात खुंटलेली उंची पुढे भरून काढणे फार कठीण असते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) असे दिसले की, देशातल्या सहा महिने ते दोन वर्षांच्या मुलांपैकी जेमतेम ११ टक्के मुलांना पुरेसा, पुरेशा वेळा आणि पुरेशा प्रकारचा आहार मिळतो. देशात ११ टक्क्यांपेक्षा कितीतरी जास्त घरांत धान्य असते. म्हणजे प्रश्न केवळ धान्याचा नाही.

२. वस्तीवरचा एक दिवस

शहरातल्या घरात आजी हातात वाटी घेऊन नातवामागे फिरते. चिऊचा घास, काऊचा घास करत अर्ध्या तासात ती वाटी संपते. त्या अर्ध्या तासाची किंमत कोणी मोजत नाही, कारण आजीपाशी तो असतो.

आता शेतमजुरीला जाणाऱ्या आईचा दिवस पाहू. पहाटे उठून पाणी भरायचे, सरपण पाहायचे, भाकरी थापायच्या आणि आठ-नऊच्या आत कामावर पोहोचायचे. मूल तेव्हा नुकतेच उठलेले असते आणि त्याला भूक नसते. कोरा चहा आणि त्यात बुडवलेले बिस्कीट, एवढ्यावर सकाळ भागते. मग ते ताईच्या कडेवर जाते. ताई असते सात-आठ वर्षांची. ती त्याला सांभाळते, पडू देत नाही, रडले तर दुकानातून पाच रुपयांची पुडी आणून देते. संध्याकाळी आई परत येऊन चूल पेटवते, स्वयंपाक होईपर्यंत मूल झोपून गेलेले असते. कधी उठवून चार घास दिले जातात, कधी नाही.

या घरात प्रेम कमी नाही. दिवसभर उन्हात वाकून आलेली आई पाय धुवायच्या आधी लेकराला पदराखाली घेते. ताईची कंबर एका बाजूला कलते तरी ती भावाला खाली ठेवत नाही. उणीव आहे ती वेळेची.

अंगणवाडीची योजनाही या वयाला पूर्ण गाठत नाही. तीन ते सहा वर्षांची मुले अंगणवाडीत बसतात आणि तिथे शिजवलेले गरम अन्न खातात. तीन वर्षांच्या आतल्या मुलांसाठी घरपोच आहाराची पाकिटे मिळतात. पाकीट घरी येते, पण ते शिजवून, निववून, दिवसातून तीन-चारदा भरवणारा हात पाकिटासोबत येत नाही. बहुतेक वेळा ते सगळ्या घरात वाटले जाते. त्यात कोणाची चूक आहे? भुकेली भावंडे समोर असताना कोणती आई एकालाच देईल?

३. कोयता निघतो तेव्हा

दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, त्यामुळे आईला घरी थांबता येत नाही. खाडा झाला तर पैसे कापले जातात. मोठ्या मुलांना गावात ठेवता यावे म्हणून हंगामी वसतिगृहाची योजना आहे आणि तिचा अनेक शाळकरी मुलांना उपयोग झाला आहे. पण दीड वर्षाच्या मुलाला वसतिगृहात ठेवता येत नाही. ते आईबरोबर जाते. आणि त्याला सांभाळायला कोणीतरी हवे म्हणून ताईलाही शाळेतून काढून नेले जाते.

इथे दोन मुलांचे आयुष्य एकाच वेळी पणाला लागते. धाकट्याची वाढ खुंटते आणि मोठीची शाळा सुटते. मुलींच्या शिक्षणासाठी आपण प्रार्थना करतो, वह्या-दप्तरे देतो, ते चांगलेच आहे. पण मुलगी शाळेत न येण्याचे कारण कित्येकदा तिच्या कडेवर बसलेले असते.

फडावर पहाटे अंधारात तोड सुरू होते. मूल कोपीत झोपलेले किंवा बांधावर झोळीत असते. जवळ बैल, गाडी, ट्रॅक्टर, विहीर, पेटवलेले पाचट. घास भरवण्याआधी जीव सांभाळायची चिंता. याच महिन्यांत लसी चुकतात. गोवर-रुबेला लसीचा दुसरा डोस आणि त्रिगुणी लसीचा बूस्टर १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान द्यायचे असतात. मूल ज्या गावच्या यादीत आहे त्या गावात नसते, आणि जिथे आहे तिथल्या यादीत त्याचे नाव नसते. वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांचीही हीच गोष्ट.

आपल्या जिल्ह्याची आणखी एक अडचण आहे. नंदुरबार, गडचिरोली, मेळघाट या भागांप्रमाणे आपला जिल्हा घटनेच्या पाचव्या अनुसूचीखालील अनुसूचित क्षेत्रात येत नाही. तिथल्या गरोदर व स्तनदा मातांना एक वेळचे पूर्ण जेवण आणि लहान मुलांना अंडी-केळी देणारी डॉ. ए.पी.जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना मुख्यतः त्या क्षेत्रांसाठी आहे. विखुरलेल्या वस्त्यांवर राहणारा आदिवासी म्हणूनच सहज नजरेआड होतो.

४. याच शहरातून सुरू झालेले काम

२००१-०२ च्या सुमारास आपल्या जिल्ह्यातील बालमृत्यूंच्या बातम्यांनी महाराष्ट्र हादरला. त्यानंतर मराठवाड्यात अंगणवाड्यांमधून प्रत्येक मुलाचे वजन घेण्याची आणि खरे आकडे पुढे आणण्याची मोहीम झाली. त्या अनुभवातून २००५ मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन स्थापन झाले. त्याचे मुख्यालय औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात होते आणि व्ही. रमणी हे त्याचे पहिले महासंचालक होते.

मिशनने आधी आदिवासी जिल्ह्यांवर लक्ष दिले. पुढे भर पहिल्या हजार दिवसांवर आला, म्हणजे गर्भधारणेपासून मूल दोन वर्षांचे होईपर्यंत. ग्राम बालविकास केंद्रे चालवली गेली. तिथे कमी वजनाच्या मुलांना महिनाभर दिवसातून अनेकदा, थोडे थोडे, डोळ्यांसमोर भरवले जाई. महाराष्ट्रातील दोन वर्षांखालील मुलांमध्ये उंची खुंटलेल्यांचे प्रमाण २००५-०६ मध्ये ३९ टक्के होते, ते २०१२ च्या पाहणीत २३ टक्क्यांवर आले. सात वर्षांत एवढी घट होऊ शकते, ही आशेची गोष्ट आहे.

पुढची गोष्टही सांगितली पाहिजे. पाच वर्षांखालील मुलांचे आकडे वेगळे मोजले जातात. त्यात २०१५-१६ मध्ये राज्यातील सुमारे ३४ टक्के मुलांची उंची खुंटलेली होती आणि २०१९-२० मध्ये सुमारे ३५ टक्के. म्हणजे गाडी थांबली. एकदा केलेले काम पुरत नाही. प्रत्येक वर्षी नवी मुले दीड वर्षाची होतात.

५. हन्ना घरी थांबली

आता १ शमुवेलकडे वळू. हन्नाला किती वर्षे वाट पाहून मूल झाले, ते आपण जाणतो. एलकानाचे सारे घराणे दर वर्षी यज्ञासाठी शिलोला जात असे. शमुवेल लहान असताना हन्ना गेली नाही. मुलाचे दूध तुटेपर्यंत मी येणार नाही, असे तिने नवऱ्याला सांगितले. त्या काळी मुले साधारण तीन वर्षांची होईपर्यंत अंगावर पीत. म्हणजे हन्नाने यात्रेची काही वर्षे मुलाला दिली. आणि एलकाना? त्याने तिला जबरदस्तीने नेले नाही. तुला योग्य वाटेल ते कर, अशा अर्थाचे उत्तर दिले. हे उत्तर छोटेसेच आहे, पण शमुवेलाच्या बालपणात त्याचा मोठा वाटा आहे. कोणीतरी बाईला मोकळीक दिली म्हणून मुलाला आईचा हात मिळाला.

पुढे शमुवेल मंदिरात राहू लागल्यावर हन्ना दर वर्षी त्याच्यासाठी लहानसा झगा शिवून नेई. दर वर्षी नवा, कारण मागच्या वर्षीचा तोकडा झालेला असे. अंगणवाडीताई वजनाचा तक्ता भरते तेव्हा ती तेच विचारत असते : या वर्षी झगा तोकडा झाला का? ज्या मुलाचा मागच्या वर्षीचा अंगरखा या वर्षीही सैल बसतो, त्या मुलाकडे तातडीने लक्ष द्यायला हवे.

ऊसतोडीला जाणाऱ्या आईला घरी थांबण्याची मोकळीक नाही. हन्नेइतकेच तिचे लेकरावर प्रेम आहे, पण तिच्या डोक्यावर उचल आहे. म्हणून प्रश्न आपल्याकडे येतो. तिच्यासाठी एलकाना कोण होणार?

६. आपण काय करू शकतो?

पहिली गोष्ट, काय देऊ नये. भेटीला जाताना दूध पावडरचे डबे आणि बाटल्या नेण्याची इच्छा होते. बाळदुधाचे डबे आणि दूध पाजायच्या बाटल्या वाटण्यास १९९२ च्या कायद्याने मनाई आहे. अनाथालयासारखे मोजके अपवाद सोडले तर त्या दान म्हणूनही देता येत नाहीत. कारण साधे आहे. डबा संपला की पाणी वाढते, बाटली स्वच्छ राहत नाही, जुलाब लागतात आणि तोवर आईचे दूध आटलेले असते. बिस्किटे आणि पुड्यांचेही तसेच. त्यांनी भूक मरते, अंग भरत नाही. त्याऐवजी अंडी, शेंगदाणे, गूळ, मूगडाळ, तेल न्यावे.

दुसरी गोष्ट, घरातल्याच अन्नातून काय होते ते आयांबरोबर बसून करून पाहावे. वरणाच्या पाण्याने पोट भरते, पण त्यात ताकद नसते. वरण घट्ट हवे, चमच्यावरून ओघळणार नाही इतके. त्यात बाजरीची किंवा ज्वारीची भाकरी कुस्करावी, वर चमचाभर तेल किंवा तूप, शेंगदाण्याचा बारीक कूट, मिळेल ती शिजवलेली पालेभाजी घालावी. अख्खे शेंगदाणे या वयात घशात अडकू शकतात, म्हणून कूटच. जेवणाबरोबर चहा नको, तो अन्नातले लोह अंगी लागू देत नाही. आणि मुलाला वेगळी वाटी द्यावी. सगळ्यांच्या ताटात हात घालणारे मूल किती जेवले ते कळत नाही. वेगळ्या वाटीत ते दिसते.

जुलाब झाले तर क्षारसंजीवनीचे पाणी, आरोग्य केंद्रातून मिळणाऱ्या झिंकच्या गोळ्या पूर्ण १४ दिवस, आणि खाणे बंद न करणे. आजार बरा झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्त. दंडाचा घेर मोजण्याची पट्टी अंगणवाडीत असते. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर मुलाला लगेच आरोग्य केंद्रात न्यावे.

तिसरी गोष्ट, हात पुरवणे. १९६९ मध्ये दिल्लीत मीरा महादेवन यांनी बांधकामावरच्या मजुरांच्या मुलांसाठी पाळणाघर सुरू केले. त्यातून मोबाइल क्रेशेस ही संस्था उभी राहिली. छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ गनियारी येथे जन स्वास्थ्य सहयोग ही संस्था जंगलातल्या गावांत ‘फुलवारी’ नावाची पाळणाघरे चालवते. सहा महिने ते तीन वर्षांची मुले दिवसभर तिथे राहतात आणि गावातल्याच बाया त्यांना सांभाळतात, भरवतात. आई निश्चिंतपणे कामावर जाते आणि ताई शाळेत जाते. त्यासाठी मोठी इमारत लागत नाही. एक सावलीची खोली, सतरंजी, पाणी, चूल आणि मानधन मिळणाऱ्या दोन विश्वासू बाया लागतात. एखाद्या मंडळीने एका वस्तीवरच्या दोन बायांचे वर्षाचे मानधन उचलले, तर ते दान पोत्यांनी धान्य वाटण्यापेक्षा लहान मुलाच्या पोटापर्यंत लवकर पोहोचेल.

चौथी गोष्ट, दोन तारखा सांभाळणे. टोळ्या निघण्याआधी, दिवाळीच्या आसपास, वस्तीवर जाऊन लसीचे कार्ड, वजन आणि अंगणवाडीतील नोंद पाहावी. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने सहा महिने ते सहा वर्षांच्या प्रत्येक मुलाला स्थानिक अंगणवाडीतून विनामूल्य आहाराचा हक्क दिला आहे. कुटुंब जिथे जाईल तिथली अंगणवाडी त्याच्यासाठी आहे, हे आईबापांना सांगावे आणि कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून सोबत द्यावे. फड जिथे लागतो त्या भागात आपली मंडळी असेल तर तिथल्या पाळकांना कळवावे. उन्हाळ्यात टोळ्या परततात तेव्हा पुन्हा वजन घ्यावे. कोणाचा झगा तोकडा झाला आणि कोणाचा नाही, ते तेव्हा कळते.

शेवटची गोष्ट बापांसाठी. होशेयाच्या चित्रात हात धरून चालवणारा आणि वाकून भरवणारा बाप आहे. आपल्या घरात, शहरात असो की वस्तीवर, लेकराला भरवणे हे बाईचेच काम मानले जाते. परमेश्वराला स्वतःसाठी हे चित्र वापरताना कमीपणा वाटला नाही. मग संध्याकाळी आई चुलीपाशी असताना बापाने वाटी हाती घ्यायला काय हरकत आहे? तरुण संघाने हा विषय वस्तीवरच्या तरुण बापांशी जरूर बोलावा. त्याला पैसा लागत नाही.

मनन व चर्चेसाठी प्रश्न

१. होशेय ११:१-४ मधील चार कामांपैकी आपल्या घरात कोणते काम कोण करते? ते तसेच का ठरले?

२. एलकानाने हन्नाला दिलेली मोकळीक आज आपण कोणत्या आईला देऊ शकतो?

३. आपल्या मंडळीचे मागील वर्षाचे दान पाहा. त्यातील किती भाग तीन वर्षांखालील मुलांपर्यंत पोहोचला?

४. आपल्या मंडळीच्या जवळची आदिवासी वस्ती, वीटभट्टी किंवा ऊसतोडीचा तळ कोणता? तिथे दोन वर्षांखालील किती मुले आहेत, हे पुढील अभ्यासवर्गापर्यंत जाऊन पाहता येईल का?

प्रार्थनेचे विषय

कडेवर भावंड घेऊन शाळेच्या दाराबाहेर उभ्या असलेल्या मुलींसाठी. पहाटे कोपीत लेकरू झोपलेले सोडून फडावर जाणाऱ्या आयांसाठी. थोड्या मानधनावर घरोघर फिरून वजने घेणाऱ्या अंगणवाडीताई, मदतनीस आणि आशाताईंसाठी. आणि आपल्यासाठी, की देवाने आपल्याला वाकून भरवले त्याची आठवण ठेवून आपणही वाकावे.